दहापैकी चौदा

मिस्त्रींच्या फ्रिजवर तीन आठवडे एक तक्ता चिकटवलेला होता. घरात त्या तक्त्याला जेवढा मान होता तेवढा मिस्त्रींना वीस वर्षांत मिळाला नव्हता. तक्ता बारकीचा. बारकी म्हणजे मिस्त्रींची मुलगी. एकुलती एक असून तिला बारकी का म्हणतात हे विचारू नये. तिच्याआधी कुणी नाही, तिच्यानंतर कुणी नाही, पण नाव पडलं ते पडलं, आणि आता ती बापापेक्षा दोन बोटं उंच झाली तरी बारकीच होती.

शाळा संपली, निकाल चांगला लागला, आणि तीन कॉलेजांनी तिला 'या' म्हटलं. एक घरापासून चालत बारा मिनिटांवर, त्याला घरात 'कोपऱ्यावरचं' म्हणत. दुसरं शहराच्या पार पलीकडच्या टोकाला, भिंती कमी आणि काचा जास्त, म्हणून 'काचेचं'. तिसरं बसनं सहा तास लांब, 'टेकडीवरचं'. बारकीला हवामान शिकायचं होतं. ढग कुठून येतात, वारा का फिरतो, असल्या गोष्टींनी तिला लहानपणापासून झपाटलं होतं. टेकडीवरच्या कॉलेजात त्यासाठी वेधशाळाच होती. कोपऱ्यावरच्या कॉलेजात हवामान हा विषय भूगोलाच्या चौथ्या धड्यात सुरू होऊन चौथ्याच धड्यात संपत होता.

"आभाळच बघायचं ना?" मिस्त्री म्हणाले होते. "मग आपल्या गच्चीवरून काय पत्रा दिसतो?"

बारकीनं वाद घातला नाही. तिनं मोठा कागद घेतला, पट्टीनं तीन रकाने आखले आणि डाव्या बाजूला लिहिलं: विषय, शिक्षक, वाचनालय, वसतिगृह, जेवण, पुढची नोकरी, मैत्रिणी, अंतर. प्रत्येकाला दहापैकी गुण. ज्याची बेरीज जास्त त्या कॉलेजात जायचं, रडारड नाही, भांडण नाही. तक्ता कसा अगदी न्यायाधीशानं केल्यासारखा झाला होता. चूक एकच झाली. तिनं तो पेन्सिलनं लिहिला.

पहिली घुसखोरी आईची. आई चष्म्याच्या दुकानात कामाला होती, बारीक अक्षर तिच्या नजरेतून सुटायचं नाही. तिनं खाली एक ओळ वाढवली: 'कपडे वाळत घालायला दोरी'. मग आत्या आली. आत्या मिस्त्रींची थोरली बहीण, अठ्ठावीस वर्षं बसची कंडक्टर, आता निवृत्त, पण आवाज अजून नोकरीवरच होता. तिनं चष्मा न लावता लिहिलं: 'कँटीनची मांजर'.

"मांजर कशाला, आत्या?"

"अगं, माणसं जेवण चांगलं आहे म्हणून खोटं सांगतील. मांजर सांगेल का? जिथली मांजर जाड तिथलं जेवण बरं. अठ्ठावीस वर्षं बाहेरच्या गावांत अशीच जेवले मी, एकदा पोट बिघडलं असेल तर शपथ."

मांजर तक्त्यात राहिली.

मिस्त्रींनीही आपली ओळ लिहिली: 'लिफ्ट'. ते लिफ्टचे मिस्त्री होते, आणि जगाबद्दल त्यांचं जे काही मत होतं ते लिफ्टच्या खड्ड्यातून वर आलेलं होतं. त्यांचं म्हणणं असं, की माणूस पाहुणा येणार म्हटल्यावर भिंतींना रंग देतो, कुंड्या मांडतो, गालिचा अंथरतो. पण लिफ्ट ज्यात उतरून थांबते त्या खालच्या खड्ड्यात कोण डोकावतंय? तिथं कागद, विड्या, मेलेले उंदीर, हरवलेल्या चपला. तो खड्डा जो झाडतो तो माणूस खरा. दवाखाना निवडताना त्यांनी खड्डा पाहिला होता. लग्नाचं कार्यालय ठरवताना खड्डा पाहिला होता. बायको अजून सांगते की तिच्या माहेरच्या इमारतीत लिफ्ट नव्हती म्हणून हे लग्न जमलं.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण ओळी वाढल्या तरी बेरजेत टेकडीवरचं कॉलेज पुढंच राहिलं. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी उठून ते फ्रिजपाशी जायचे, खोडरबर काढायचे आणि 'अंतर' या ओळीत कोपऱ्यावरच्या कॉलेजाचा एक गुण वाढवून ठेवायचे. सातचे आठ, आठचे नऊ, नवाचे दहा. मांजर डोळे मिटून दूध पिते तसं चाललं होतं. दहानंतर थांबावं हे भान राहिलं नाही. टेकडीवरच्याला त्याच ओळीत तीन होते, ते त्यांनी खोडून शून्य केले. शून्याच्या खाली कसं जायचं ते त्यांना येत नव्हतं, नाहीतर तेही केलं असतं.

"अहो," एका सकाळी बायकोनं विचारलं, "दहापैकी चौदा कसे पडतात?"

मिस्त्रींच्या तोंडात टूथपेस्ट होती. "जवळ असलं की पडतात," ते म्हणाले.

आता, लिफ्टच्या दोरांना वंगण घालणाऱ्या माणसानं कागदावर लबाडी करू नये. आंघोळ करा, साबण घासा, त्या अंगठ्याच्या रेघांतलं ग्रीस जन्मात निघत नाही. प्रत्येक वाढवलेल्या गुणाशेजारी एक काळा, गोल, ठसठशीत अंगठा उमटला होता. बारकीनं काही खोडलं नाही, की बापाला काही विचारलं नाही. तिनं फक्त प्रत्येक ठशाभोवती पेन्सिलनं गोल काढला आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलं: 'पुरावा क्रमांक एक', 'पुरावा क्रमांक दोन'. आठवडा संपेपर्यंत आठ पुरावे जमले.

मग कॉलेजं बघायला जाणं झालं. कोपऱ्यावरच्या कॉलेजाला दोनच मजले, लिफ्टच नाही. "नाही म्हणजे बिघडणारही नाही," मिस्त्री म्हणाले आणि लिफ्टच्या ओळीत दहापैकी दहा दिले. काचेच्या कॉलेजातली लिफ्ट बोलकी होती. सहाव्या मजल्यावर दार उघडून ती गोड आवाजात म्हणाली, "सातवा मजला." मिस्त्रींनी तिला दोन वेळा संधी दिली. दोन्ही वेळा ती सातवा म्हणाली. "जिथली लिफ्ट खोटं बोलते तिथले मास्तर काय खरं शिकवणार?" असं म्हणून त्यांनी ते कॉलेज जिन्यानं उतरता उतरताच बाद केलं, आणि खरं तर बारकीलाही ते नकोच होतं.

राहिलं टेकडीवरचं. मिस्त्री त्याला आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले. कधी कुठल्याशा लिफ्टचा पट्टा तुटला, कधी हातातलं काम सोडता येईना, कधी पाठ धरली. असं करत करत शेवटचा दिवस उजाडला. त्या दिवशी चार वाजेपर्यंत पालकाच्या सहीचा फॉर्म तिथल्या ऑफिसात देऊन शिक्का घेतला नाही, तर बारकीची जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार होती.

"मी येतो," मिस्त्री शेवटी म्हणाले. "पण लिफ्ट बघणार. खड्डा बघणार. धड असेल तर तिथल्या तिथं सही करतो. धड नसेल तर मुकाट्यानं कोपऱ्यावरचं. कबूल?"

बारकीनं बापाकडे नीट पाहिलं. "कबूल," ती म्हणाली. "पण खरं सांगायचं."

"मी कधी खोटं सांगितलंय?"

बारकीनं फ्रिजकडे बघितलं. मिस्त्रींनी पिशवी भरायला घेतली.

सोबत आत्या निघाली, मांजर बघायला. बसमध्ये सहा तास ती कंडक्टरच्या शेजारी बसली आणि त्याला सुटे पैसे कसे ठेवायचे ते शिकवत राहिली. शेवटी तो बिचारा मागच्या दारात जाऊन उभा राहिला. मिस्त्री खिडकीतून बाहेर बघत मनातल्या मनात त्या न पाहिलेल्या खड्ड्यात घाण टाकत होते. टोपलीभर कागद. दोन उंदीर. एक फुटकी बादली. एवढं पुरे होईल असं त्यांना वाटत होतं.

कॉलेजची इमारत जुनी, पाच मजली. मधोमध जाळीची लिफ्ट आणि तिच्याभोवती गोल फिरत वर गेलेला जिना. ऑफिस पाचव्या मजल्यावर. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. "शिक्केवाल्या बाई चहा आणायला खाली आल्या होत्या, आत्ताच वर गेल्या," असं कुणीतरी सांगितलं, म्हणून आत्या कँटीनकडे गेली आणि बारकी पाण्याच्या नळाकडे. मिस्त्री लिफ्टपाशी एकटेच उरले.

लिफ्टचा आवाज ऐकला आणि त्यांचा जीव हलला. ज्या जातीच्या मशीनवर ते हे काम शिकले, तेच मशीन. आता कुठं दिसतही नाही. पण आज त्यांना प्रेमात पडायचं नव्हतं, खोट काढायची होती. त्यांनी सवयीनं पिशवीतली पाटी काढून जाळीला अडकवली: 'काम चालू आहे. जिना वापरा.' सवयीनंच खिशातली तिकोनी चावी काढली, तळमजल्याच्या दाराच्या वरच्या भोकात घातली, फिरवली आणि दार हातभर सरकवून खाली डोकावले.

खड्डा लख्ख होता.

कागद नाही, काडी नाही, उंदीर तर सोडाच, कोळ्याचं जाळं नाही. कोपऱ्यात झाडूच्या रेघासुद्धा दिसत होत्या. मिस्त्रींनी आयुष्यात दोन-अडीचशे खड्डे पाहिले असतील, असा पाहिला नव्हता. वाकून बघता बघता त्यांना तोंडात मारल्यासारखं झालं.

आणि त्याच वेळी वर 'टक्' असा आवाज झाला आणि लिफ्ट थांबली.

आता हे मिस्त्रींना ठाऊक नव्हतं असं नाही. लिफ्ट चालू असताना कुठल्याही मजल्याचं दार उघडलं की ती जागच्या जागी थांबते, थांबायलाच हवी, हे ते शिकाऊ मुलांना पहिल्या दिवशी सांगायचे. ही लिफ्ट वर पोचली असेल असं त्यांनी धरलं होतं, पण ती चाळीस वर्षांची, आपल्या चालीनं चालणारी. त्यांनी घाईघाईनं दार लावलं. लावल्यावर ती पुन्हा चालू व्हायला हवी होती. पण दाराच्या कुलपातली, वीज जोडणारी तांब्याची जुनी पट्टी वाकली ती वाकलीच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"अहो!" वरून, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधून एक खणखणीत आवाज आला. "काय चाललंय? माझा चहा निवतोय!"

शिक्केवाल्या बाई आत होत्या. बाई, बाईंचा थर्मास आणि पर्समध्ये शिक्का.

पाच मिनिटांत जिना माणसांनी भरला. फॉर्म घेतलेली मुलं, त्यांचे आईबाप, एक आजोबा काठीसकट. जाळीतून बाईंच्या चपला सगळ्यांच्या डोळ्यांसमोर दिसत होत्या. एका बापानं फॉर्म जाळीतून आत सरकवायचा प्रयत्न केला. "बाई, तिथूनच मारा ना शिक्का!"

"शिक्का टेबलावर मारतात," बाई म्हणाल्या. "हवेत मारलेला शिक्का पसरतो. आणि चार म्हणजे चार. काल एकाला परत पाठवलंय, आज तुम्हाला घेतलं तर तो काय म्हणेल?"

एवढ्यात शिपाई धावत आला. जाळीवरची पाटी वाचली, मिस्त्रींच्या हातातली चावी पाहिली आणि त्यांचे दोन्ही हात धरले. "आलात! तक्रार देऊन अकरा महिने झाले हो, आज आलात!"

मिस्त्रींनी तोंड उघडलं, पण त्यातून वेगळंच निघालं. "हा खड्डा कोण झाडतं?"

"मी. दर शनिवारी."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? घाण होते म्हणून झाडतो," शिपाई म्हणाला.

बारकी नळाकडून आली होती, तिनं ते ऐकलं होतं. तिनं जाळीकडे बघितलं, पाटीकडे बघितलं, चावीकडे बघितलं. कुणी सांगायची गरज नव्हती.

"चला वर," ती म्हणाली. "हातानं घ्यावी लागेल."

लिफ्ट अडकली की ती हातानं घेतात. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत जायचं, मेन स्विच पाडायचा, मग एकानं ब्रेकचा दांडा दाबून धरायचा आणि दुसऱ्यानं मोठं लोखंडी चाक फिरवत गाडी, म्हणजे लिफ्टचा पिंजरा, जवळच्या मजल्याला लावायची. दोघं लागतातच. गेली सात वर्षं रविवारी शिकाऊ मुलांना सुट्टी असली की मिस्त्रींचा ब्रेक बारकीच धरत आली होती.

जिन्यावरून जाताना आत्या भेटली. तिनं गर्दीचा ताबा घेतला होता. नोकरीतलं जुनं तिकीटपुस्तक ती अजून पर्समध्ये ठेवायची, आज त्याचं सोनं झालं. "पुढं सरका! जिन्यात घोळका करू नका! ज्याला नंबर मिळाला त्यानंच बोलायचं!" असं ओरडत ती एकेकाला फाडून तिकीट देत होती. बारकीच्या हातात तिनं शेवटचं कोंबलं. एकवीस नंबर.

"आत्या, एकविसावा? चार वाजतील!"

"मग काय घरच्यांना पहिला देऊ? अठ्ठावीस वर्षांत कुणाला फुकट चढू दिलं नाही मी. आणि ऐक, मांजर बघितली. खुर्चीवरून उडी मारता येईना तिला, उतरवावं लागलं. दहापैकी दहा!"

मशीनच्या खोलीला एक खिडकी होती. मिस्त्रींनी स्विच पाडला, चाकाला दोन्ही हात लावले. बारकीनं दांडा दाबला, ब्रेक सुटला. साडेतीन वाजले होते. मिस्त्रींना माहीत होतं, हे सात मिनिटांचं काम आहे.

आणि मग एक विचार त्यांच्या मनात आला. तो त्यांनी बोलावला नव्हता, पण आल्यावर हाकललाही नाही. सात मिनिटांचं काम सात मिनिटांतच व्हावं असं कुठं आहे? जुनं मशीन आहे. गंजलं असेल. अर्धा तास लागू शकतो. आणि अर्ध्या तासानं चार वाजतात, मग ना सही करायला लागत, ना नाही म्हणायला. कुणाचाच दोष नाही. बारा मिनिटांवरचं कॉलेज. संध्याकाळी साडेपाचला दारात चपला.

"अजून किती, बाबा?"

"जड जातंय."

बारकी दांडा दाबून उभी होती, पण मान खिडकीकडे वळली होती. बाहेर वेधशाळेच्या गच्चीवर वारा मोजायच्या चार वाट्या गरगर फिरत होत्या. आठव्या वर्षी पहिल्यांदा अशा एका मशीनच्या खोलीत नेली तेव्हा फिरत्या चाकाकडे ती अशीच तोंड उघडं टाकून बघत राहिली होती. मिस्त्रींना ते आठवायला नको होतं.

"बाबा, सोळा मिनिटं झाली."

"सांगितलं ना, जड आहे."

खालून बाईंचा आवाज आला, "मी चहा प्यायला सुरुवात केलीये! नंतर गार झाला म्हणून दुसरा मागायला नको!"

बारकीनं मान वळवली आणि चाकाकडे बघितलं. मग बापाच्या हातांकडे.

"बाबा, आत एक बाई आणि एक थर्मास आहे."

"मग?"

"मग गाडी हलकी आहे, दोराच्या पलीकडच्या टोकाची वजनं भारी. ब्रेक सुटला की गाडी आपली आपण वर जाते. तुम्हीच शिकवलंत. चाक फिरवायला लागत नाही, नुसतं आवरायला लागतं." ती थांबली. "तुम्ही फिरवत नाही आहात, बाबा. तुम्ही धरून ठेवलंय."

चोरी पकडली गेल्यावर माणूस रागावतो, पण मिस्त्रींना राग आला नाही. त्यांचे हात खरोखरच दुखत होते. भारी वजनाला सोळा मिनिटं अडवून धरणं काही सोपं काम नसतं.

"हो," ते म्हणाले. "धरून ठेवलंय."

बारकीनं दांडा सोडला नाही.

"तू गेल्यावर रविवारी ब्रेक कोण धरणार?"

"एखाद्या मुलाला जादा दिवस द्या."

"ब्रेक तो धरेल. पण त्याच्याशी मी बोलणार काय? घरात मला बोलता येत नाही, तुला माहितीये. आई बोलते, आत्या बोलते, मी मान हलवतो. मी जे काही बोललोय ते तुझ्याशी बोललोय, असल्याच खोल्यांत, मशीन मधे ठेवून." "मला करमणार नाही, बारके. एवढंच आहे ते. चौदा गुण वगैरे सगळं झूट आहे."

"मला माहितीये," बारकी म्हणाली. तिचेही डोळे भरले होते, पण हात दांड्यावर होते म्हणून पुसता येईनात. नाक वाहायला लागलं. "मलाही करमणार नाही. पण माझा हात अवघडलाय, बाबा. आधी बाईंना वर घ्या, मग रडू."

मिस्त्रींना हसू आलं. त्यांनी हात सैल केले. चाक हलकेच फिरायला लागलं, त्यांनी ते नुसतं हातानं चोळत आवरत नेलं, आणि जुन्या लिफ्टनं बाईंना एका दमात, धक्का न लावता, चौथ्या मजल्याला आणून लावलं. जिन्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. काठीवाल्या आजोबांनी काठी आपटली.

तीन वाजून पन्नास मिनिटांनी बाई खिडकीशी बसल्या. आत्या नंबर पुकारत होती, आणि पुकारताना असा काही दम देत होती की कुणी 'पेन आहे का?' विचारायलाही थांबलं नाही. एकवीस नंबर आला तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात एक मिनिट शिल्लक होतं.

"पालकांची सही कुठंय?" बाईंनी विचारलं.

सगळा जिना मिस्त्रींकडे बघायला लागला. बारकीनं पेन पुढं केलं आणि हळूच म्हणाली, "कबूल केलं होतं, बाबा. लिफ्ट धड नाहीये."

"खड्डा धड आहे," मिस्त्री म्हणाले, आणि त्यांनी सही केली. कागद सरकू नये म्हणून दुसऱ्या हातानं दाबून धरला होता, तो उचलला.

बाईंनी शिक्का उचलला आणि थबकल्या. "सही येते ना तुम्हाला? मग अंगठा कशाला दिलात?"

"असू द्या," बारकी म्हणाली. "ते असतंच."

शिक्का बसला. घड्याळात चार वाजले.

मिस्त्रींनी नंतर खाली जाऊन वाकलेली पट्टी सरळ केली, दारं तपासली, आणि निघताना शिपायाला बाजूला घेऊन खरं सांगून टाकलं. "तुमच्या तक्रारीवरून नाही आलो मी. आणि लिफ्ट बंद मीच पाडली होती."

"आणि चालू कुणी केली?"

"मीच."

"मग झालं की," शिपाई म्हणाला. "अकरा महिन्यांत तेवढं तरी कुणी केलं? बरं, मी साहेबांना सांगतो, तुम्ही महिन्यातून एकदा येऊन बघून जाल का हिला? इथं ही जात ओळखणारं कुणी राहिलं नाही."

"छे हो, सहा तास," मिस्त्री सवयीनं म्हणाले, "एवढं लांब कोण—" आणि तिथंच थांबले. नळाशी बारकी तोंड धूत होती. "रविवार चालेल का?" त्यांनी विचारलं. "ब्रेक धरायला माणूस माझा मी बघतो."

दुसऱ्या दिवशी बारकी उशिरा उठली. घरात सामसूम होती, मिस्त्री कामावर गेले होते. पाणी घ्यायला ती फ्रिजपाशी आली आणि बघत राहिली. 'अंतर' या ओळीत, टेकडीवरच्या रकान्यातलं शून्य कुणीतरी कागद फाटेल इतकं खोडलं होतं. त्या जागी मोठा आकडा होता: पंधरा. शेजारी काळा, गोल, ठसठशीत अंगठा.

बारकीनं पेन्सिल शोधली, ठशाभोवती गोल काढला आणि बाजूला लिहिलं: 'पुरावा क्रमांक नऊ'. मग तक्ता फ्रिजवरून हलक्या हातानं सोडवला, त्याची घडी केली आणि वसतिगृहात न्यायच्या बॅगेत सगळ्यात आधी तो ठेवला.